दम्याची खबर लघवीत

चार वर्षांच्या मुलाला सांगून बघा, "खोल श्वास घे, आता जोरात फुंक, थांबू नकोस!" ते हसेल, नाहीतर रडेल. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांत स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकायला लावून फुफ्फुसांचं काम मोजणारी तपासणी, बहुतेकदा फसते. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, हिवाळ्यात बांधकामांची धूळ हवेत तरंगत राहते आणि बाळदमा असलेलं लेकरू रात्री खोकत उठतं. श्वासनळ्यांची सूज वाढतेय का, हे त्याला सांगता येत नाही. त्याची लघवी मात्र काहीतरी सांगते.

"लघवीत किडनीचं कळतं, छातीचं कसं?" बहिणीने मला विचारलं. उत्तर इतकं सुंदर आहे की सविस्तर सांगतोच.

पेशींच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिक आम्ल असतं. अ‍ॅलर्जी भडकली की एक विकर (एन्झाइम) त्याच्या पाचव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतं. पुढे त्याला ग्लुटाथायोनची, म्हणजे तीन अमिनो आम्लांची, शेपटी जोडली जाते. हा झाला ल्युकोट्राइन सी४. शेपटीतलं ग्लुटामिक आम्ल तुटलं की डी४, ग्लायसिनही गेलं की ई४. शेपटीत उरतं फक्त सिस्टीन, हे तिसरं अमिनो आम्ल. श्वासनळी आवळण्यात सी४ आणि डी४ हे हिस्टामिन या अ‍ॅलर्जीतल्या रसायनापेक्षा सुमारे १,००० पट जहाल, पण अल्पायुषी. ई४ टिकाऊ, तो रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतो. ल्युकोट्राइनांची रचना स्वीडिश शास्त्रज्ञ बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९मध्ये उलगडली. १९८२च्या नोबेल मानकऱ्यांत ते होते.

मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात. मूल पाणी कमी प्यायलं तर लघवी दाट होते, म्हणून आकड्याला क्रिएटिनिनने, म्हणजे लघवीतून रोज साधारण सारखंच बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या आकड्याने, भागतात. दम्याच्या अटॅकमध्ये ई४ वाढतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तरी मुलाच्या लघवीत तो जास्त सापडतो, हे वडीलधाऱ्यांनी जरूर वाचावं.

मात्र निरोगी आणि दमेकरी मुलांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एका तपासणीवरून दम्याचं निदान होत नाही. त्याच मुलाचा आकडा आधी किती होता आणि आता किती, हे पाहण्यात खरा अर्थ. "एका थेंबात दमा ओळखा" अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा.

मृग नक्षत्रावर लेकराला दम्यावरचा उपाय म्हणून हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळायला लावणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या माशाने सूज उतरते याला पुरावा नाही. पंपाची (इनहेलरची) 'सवय' लागते हीदेखील भीतीच. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप मध्येच बंद केला, तर ती सूज पुन्हा चढते.