खोट्या व्हायरस-सूचना: एका ‘अलाउ’ची पार्श्वभूमी

कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत व्हायरस सापडले’ अशी पट्टी सरकत येते, तेव्हा बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. असते ती एखाद्या वेबसाइटला कधीतरी दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. म्हणूनच अँटिव्हायरसने कितीही वेळा तपासणी केली तरी पट्टी थांबत नाही.

घाबरवून विकण्याचा धंदा जुनाच. २००४ च्या सुमारास ब्राउझर पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या अडवू लागले आणि ती वाट अरुंद झाली. नवी वाट एप्रिल २०१५ मध्ये उघडली. क्रोम ब्राउझरच्या ४२ व्या आवृत्तीपासून, पान बंद असतानाही वेबसाइटला सूचना पाठवता येऊ लागली. जानेवारी २०१६ मध्ये फायरफॉक्सनेही हीच सोय दिली.

वादाचा मुद्दा होता परवानगी विचारायची कधी, हा. पान उघडताक्षणी ‘अलाउ’ (परवानगी द्या) आणि नकार असे पर्याय असलेली चौकट दाखवून विचारायची मुभा साइटला मिळाली. वाचणाऱ्याने आधी कुठे क्लिक करावं, अशी अटच नव्हती. बिघडलं ते इथेच. बातम्यांच्या साइटना आयते वाचक हवे होते, पण या मोकळीकीचा खरा फायदा फसवणाऱ्यांनी उठवला. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी त्या चौकटीकडे बोट दाखवलं. २०१८ च्या अखेरीस फायरफॉक्सने महिनाभराची मोजणी केली, तर अशा सुमारे १ कोटी ८० लाख विचारणांपैकी ३ टक्क्यांनाही होकार मिळाला नव्हता. लोकांचा नकार इतका स्वच्छ असताना क्लिकची अट फायरफॉक्समध्ये यायला जानेवारी २०२० उजाडावं लागलं. क्रोमने त्याच वर्षी चौकट सौम्य केली आणि जुलैपासून गैरवापर करणाऱ्या साइटना आवर घालायला सुरुवात केली.

दरम्यान २०१८ मध्ये क्रोमच्या सूचना विंडोज १० च्याच साच्यात दिसू लागल्या होत्या. पट्टीवर बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि साइटचा पत्ता असतो, पण शेजारी अँटिव्हायरसचा लोगो ठळक असला की तो पत्ता कोण वाचणार? घरातल्या ज्येष्ठांना तर ती विंडोजचीच सूचना वाटते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

न वापरल्या जाणाऱ्या पण सूचनांचा मारा करणाऱ्या साइटची परवानगी क्रोम आपणहून काढून घेईल, हे जाहीर झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. तोवर हे काम ज्याचं त्यानेच करायचं होतं: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि परवानगीच्या यादीतून अनोळखी पत्ते काढून टाकायचे. नुसती हिस्टरी पुसून ही यादी जात नाही.