मिरचीचा फवारा : बटण दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर

नांदेड जिल्ह्यातील धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागले की जवळून जाणाऱ्यालाही ठसका लागतो, आणि उन्हाळ्यात वर्षभराचे तिखट करून आणायला कांडपावर गेलेल्या कोणालाही मिरचीचा खकाणा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. सुरक्षारक्षकाच्या कमरेच्या पेपर स्प्रेमध्ये हाच खकाणा बंदिस्त केलेला असतो. नावातील ‘पेपर’मुळे काळी मिरी डोळ्यांपुढे येते, डबीत मात्र मिरचीचा तेलकट अर्क असतो आणि त्यातील मुख्य रसायन म्हणजे कॅप्सेसिन. मिरचीत हे रसायन बियांत तयार होत नाही, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात तयार होते.

कॅप्सेसिनमुळे होणारी आग खरी भासते, पण त्वचा भाजलेली नसते. वेदनेची जाणीव वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही1 नावाचे प्रथिन असते. तापमान सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते उघडते आणि चटका बसल्याचा संदेश मेंदूकडे जातो. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पारा जिथवर पोहोचतो, त्याच्या आसपासचाच हा आकडा आहे. कॅप्सेसिन या प्रथिनाला जोडले गेले की तापमान न वाढताही ते उघडते, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि मेंदूला आगीचीच वर्दी मिळते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये हे प्रथिन ओळखले आणि 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासह मिळाले.

डोळ्यांच्या बुबुळांत असे चेतातंतू दाटीने असतात, म्हणून फवारा बसताच पापण्या आपोआप मिटतात आणि प्रयत्न करूनही उघडत नाहीत. नाक व घसा सुजतो, खोकला सुरू होतो, श्वासनलिका आकुंचन पावते. निरोगी माणसात हा त्रास बहुधा तासाभरात ओसरतो, पण दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच पेपर स्प्रेचे प्रशिक्षण म्हणजे नेम धरून बटण दाबण्याचा सराव, ही समजूत मला धोक्याची वाटते. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत खासगी सुरक्षारक्षकासाठी किमान 100 तास वर्गातील आणि 60 तास प्रत्यक्ष क्षेत्रातील प्रशिक्षण सांगितले होते. त्या वेळात या रसायनाच्या शरीरावरील परिणामांना स्वतंत्र जागा मिळाली पाहिजे.

डबीवरील आकडेही वाचता आले पाहिजेत. विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जाऊन तिखटपणा मोजण्याची पद्धत काढली आणि शुद्ध कॅप्सेसिन या मापनात सुमारे 1 कोटी 60 लाख एककांवर जाते. जाहिरातीतील लाखांचे आकडे मात्र पुष्कळदा मूळ अर्काचे असतात, डबीतील मिश्रणाचे नसतात. फवाऱ्याची खरी ताकद त्यात कॅप्सेसिन आणि त्याच्या जातकुळीतील रसायने मिळून किती टक्के आहेत, यावर ठरते आणि बाजारातील फवाऱ्यांत हे प्रमाण साधारणपणे 0.18 ते 1.33 टक्के असते.

सरावासाठी निरुपद्रवी द्रव भरलेल्या डब्या मिळतात. अंतर, वाऱ्याची दिशा आणि फवारल्यानंतर लगेच बाजूला सरकणे, हे सारे त्यांवर शिकता येते. काही देशांत पोलिसांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर खरा फवारा मारून त्यांना अनुभव देतात. माझ्या मते ते ऐच्छिक असावे आणि वैद्यकीय तपासणीशिवाय कोणावरही करू नये. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फाटकावर, मोकळ्या वाऱ्यात उभा असलेला रक्षक आणि एटीएमच्या काचबंद खोलीतला रक्षक यांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचा फवारा वारा त्याच्याच तोंडावर परत आणतो, तर दुसऱ्याला बंद हवेत समोरच्याइतकाच त्रास होतो, म्हणून अशा ठिकाणी बारीक धुके उडवणाऱ्या डबीपेक्षा दाट, चिकट जेल उडवणारी डबी बरी. डबीत दाबाखालचा वायू असतो, त्यामुळे ती उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये आणि मुदत संपताच बदलावी.

फवारा मारल्यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोरचा माणूस शांत झाला की त्याला मोकळ्या हवेत आणावे, डोळे चोळू देऊ नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढायला सांगावे आणि भरपूर पाण्याने चेहरा धुवावा. कॅप्सेसिन तेलात विरघळते आणि पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून त्वचेवर सौम्य साबणाची मदत होते. तेल किंवा मलम मात्र लावू नये, कारण ते अर्क त्वचेवर धरून ठेवते. दूध लावावे, असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तुलनात्मक चाचणीत दूध, अँटासिड, बेबी शॅम्पू आणि साधे पाणी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. हात बांधून माणसाला पालथे कधीही ठेवू नये, कारण आधीच जड झालेला श्वास त्या स्थितीत आणखी कोंडतो. दम लागणे थांबत नसेल तर रुग्णवाहिका बोलावावी.

रक्षकाच्या स्वतःच्या गणवेशावरही अर्क बसलेला असतो. ते कपडे पिशवीत बांधून घरी न्यावेत आणि वेगळे धुवावेत, नाहीतर त्या संध्याकाळी कडेवर घेतलेल्या लेकराचे डोळे झोंबतात.