स्पॅनिश भाषेतील उपपदे

स्पॅनिश भाषेतील उपपदे : नामाने दाखविलेली वस्तू वा व्यक्ती श्रोत्याला ओळखता येण्याजोगी आहे की तिचा उल्लेख नव्याने होत आहे, हे सुचविणारे नामापूर्वीचे शब्द. निश्चित उपपदाची रूपे एल (पु.), ला (स्त्री.), अनेकवचनी लोस, लास आणि नपुंसक लो, अनिश्चित उपपदाची उन, उना, उनोस, उनास. ‘आ’ (ला, कडे) व ‘दे’ (चा, पासून) या संबंधदर्शक शब्दांपुढे एल आल्यास आल आणि देल अशी जोडरूपे होतात. एल हा विशेषनामाचाच भाग असेल (उदा., एल साल्वादोर), तर लेखनात ती करीत नाहीत.

अभिजात लॅटिनमध्ये उपपद नव्हते. इल्ले (तो, पलीकडचा) या दर्शक सर्वनामापासून निश्चित उपपद आणि उनुस (एक) या संख्यावाचकापासून अनिश्चित उपपद आले, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो दर्शकाचे उपपद केव्हा झाले याबद्दल. एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने बहुधा चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या तीर्थयात्रावर्णनात (हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील आरेत्सो येथे उजेडात आले) इल्ले व इप्से (स्वतः, तोच) ही सर्वनामे वारंवार येतात. काही अभ्यासक त्यांना उपपदेच मानतात. परंतु त्या मजकुरात त्यांचा अर्थ पुष्कळदा ‘वर सांगितलेला’ असा लागतो आणि ती गाळली तरी वाक्य अडत नाही; म्हणून ही संक्रमणावस्था मानणे अधिक सयुक्तिक दिसते. इल्ले व इप्से यांतील स्पर्धेचा निकाल सर्वत्र सारखा लागला नाही. सार्डिनियन भाषेत आणि मायोर्का बेटावरील कातालान बोलीत उपपद इप्सेपासून आले आहे. रुमानियनमध्ये इल्लेच टिकला, पण नामाच्या शेवटी जडला.

इबेरियन भूमीवरील बहुमोल पुरावा सान मिल्यान दे ला कोगोया मठातील लॅटिन पोथीच्या समासटीपांत मिळतो. तेथील प्रार्थनेत ‘कोनो आयुतोरिओ’ (साहाय्याने) आणि ‘एना ओनोरे’ (सन्मानात) असे प्रयोग आहेत : कोनो म्हणजे कोन + लो, एना म्हणजे एन + ला. इल्लेच्या रूपांचे आद्य अक्षर गळून उरलेला भाग मागील शब्दात मिसळला आहे. त्याचा स्वतंत्र आघात नाहीसा झाल्याची ही खूण होय. स्पॅनिश भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेंदेस पिदाल यांनी या टिपा दहाव्या शतकातील मानल्या. पुढील संशोधकांचा कल अकराव्या शतकाकडे आहे. टिपांची भाषाही निव्वळ कॅस्टिलियन (आजच्या स्पॅनिशचे मूळ) नसून नाव्हारी-आरागोनी वळणाची आहे, असे बहुतेक मानतात.

‘आग्वा’ (पाणी) हे नाम स्त्रीलिंगी असूनही ‘एल आग्वा’ म्हणतात. येथील एल मुळात पुल्लिंगी नव्हे. इल्लेच्या इल्ला या स्त्रीलिंगी रूपापासून झालेल्या ‘एला’ या रूपाचे व्यंजनापूर्वी ला आणि स्वरापूर्वी एल झाले. मध्ययुगात ‘एल एस्पादा’ (तलवार) असेही लिहीत. पुढे हे रूप आघातयुक्त ‘आ’पुरते उरले. म्हणून विशेषण स्त्रीलिंगीच राहते (एल आग्वा फ्रिआ : थंड पाणी), अनेकवचन लास आग्वास होते, आणि मध्ये दुसरा शब्द आला की ला परत येते (ला मिस्मा आग्वा : तेच पाणी). ‘एस्ते आग्वा’ हा प्रयोग बोलण्यात आढळतो, पण तो प्रमाण मानला जात नाही.

आन्तोनिओ दे नेब्रिखा यांनी १४९२ च्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात उपपदाला स्वतंत्र शब्दजातीचे स्थान दिले. व्याकरणकार आन्द्रेस बेल्यो (१८४७) यांच्या मते एल हे दर्शकाचेच आखूड झालेले रूप. विसाव्या शतकात आमादो आलोन्सो व एमिलिओ आलार्कोस ल्योराक या भाषाभ्यासकांनी उन हे उपपदच नाही, असे प्रतिपादिले. ते ‘उनो’ या रूपात एकटे उभे राहू शकते व संख्यावाचकांच्या गटात बसते. स्पॅनिश अकादमीच्या २००९ च्या व्याकरणात मात्र दोन्ही उपपदांचा स्वीकार आहे. ‘एका गावात एक म्हातारी राहत होती’ यातील ‘एक’ मोजण्यासाठी नसतो, हे ज्ञात असलेल्या मराठी वाचकाला अकादमीची भूमिका सहज पटावी. ‘उनोस वेइन्ते’ म्हणजे तर नेमके ‘वीसेक’.

वापराचे नियम सामान्य व्याकरणांत मिळतात. जातिवाचक विधानात निश्चित उपपद लागते. शरीराच्या अवयवांपूर्वी स्वामित्वदर्शकाऐवजी सहसा तेच येते (मे दुएले ला काबेसा : माझे डोके दुखते). व्यवसाय सांगताना उपपद नसते (एस मेदिको : तो डॉक्टर आहे), विशेषण जोडल्यास उन येते. भारताला ‘ला इंदिया’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘बुस्को उन मेदिको’ (डॉक्टर शोधतो आहे, कोणीही चालेल) आणि ‘बुस्को आल मेदिको’ (ठराविक डॉक्टरांना शोधतो आहे) यांत उपपदाबरोबर कर्मापूर्वीचा ‘आ’ही बदलतो, मराठीत हा भेद बव्हंशी ‘ला-ना’ प्रत्ययांवर असतो.

लोचे कार्य वेगळे आहे. स्पॅनिश नामांत नपुंसकलिंग उरले नाही, तरी इल्लुद या इल्लेच्या नपुंसकलिंगी रूपापासून आलेले हे रूप विशेषणाला भाववाचक करते : लो बुएनो, ‘जे चांगले ते’.

‘ला सु कासा’ (त्याचे घर) अशी उपपद व स्वामित्वदर्शक यांची जोडी मध्ययुगीन गद्यपद्यात विपुल असून आज वायव्य स्पेनच्या बोलींत आढळते. व्यक्तिनामापूर्वी उपपद (ला मारिया) चिलीत व कातालोनियात ऐकू येते.