‘बोधपुत्र’ या शब्दामागे

थकल्याभागल्या माणसाला दयेनं जवळ करावं, यावर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कधी दुमत नव्हतं. घोळ आहे तो जवळ केल्यावर काय द्यायचं याचा. बोध, सांत्वन की नुसता विसावा?

या ख्रिस्ती मराठीची सुरुवात तशी खूप मागे नेता येते. 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ओवीबद्ध पुराणात येशूची कथा आधीच मराठी कानाला ओळखीच्या लयीत उतरली होती. पण आज उपासनेत वाचल्या जाणाऱ्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, भाषा घडली ती एकोणिसाव्या शतकात, श्रीरामपूर आणि मुंबईच्या छापखान्यांपासून पुढे. घोळही त्याच भाषांतराच्या परंपरेतला.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात कुप्र (सायप्रस) बेटाचा योसेफ येतो. हा आपलं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवतो. त्याचं टोपणनाव बर्णबा, आणि मराठीत त्याचा अर्थ दिला आहे ‘बोधपुत्र’. मूळ ग्रीक शब्द पाराक्लेसिस. त्याच्या धातूत हाक मारून आपल्या बाजूला बोलावणं आहे. याच कुळातला शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येतो, तिथं मराठी ‘कैवारी’ म्हणते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी तो येतो तेव्हा ‘सांत्वन’. म्हणजे एकच मूळ, आणि मराठीत त्याच्या तीन वाटा. कैवारी तुमच्या बाजूनं भांडतो, सांत्वन करणारा शेजारी बसतो, बोध करणारा मात्र समोर उभा राहतो.

भाषांतरकारांची बाजूही खरी आहे. ग्रीक शब्दात उपदेशाची छटा आहेच. शिवाय ज्या भाषेत दासबोध घरोघरी वाचला जायचा, तिथं बोध हा मानाचा शब्द होता. आता बोध म्हणजे शाळेतल्या गोष्टीखालचं तात्पर्य. नोकरी गेलेल्या माणसाला बोध करायला आलो म्हटलं, तर तो दार लावून घेईल. हल्ली उपासनेतल्या संदेशांत ‘प्रोत्साहन’ रुळलंय. त्याला मला तरी बक्षीस समारंभाचा वास येतो.

‘समाचार’ची गंमत वेगळीच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात. मराठीत आजाऱ्याच्या समाचाराला जातात, आणि चुकलेल्याचा समाचार घेतात. काही घरभेटींत दोन्ही एकदमच होतं: खाटेशेजारी शास्त्र उघडायचं आणि म्हणायचं, प्रार्थना कमी पडली असेल.

दयेबद्दलचा बाहेरून आलेला संशय याहून कडवट होता. 1889 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढं पुण्यात आलेल्या विधवा-सदनात संस्थापिका विदुषी, ख्रिस्ती झालेली पंडिता रमाबाई, आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायची. मुली आत येऊन बसत. 1893 मध्ये यावरून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातले सुधारक बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं म्हणजे आमंत्रण की फक्त न लपवणं? पालकांची भीती खोटी नव्हती, पुढं काही मुलींनी धर्मांतर केलंच. तरी विधवेला छप्पर द्यायला तेव्हा किती दारं उघडी होती, हेही विचारायला हवं.

1896-97 च्या दुष्काळात तीच बाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आली आणि केडगावची वस्ती उभी राहिली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा दुष्काळानंतर पिढ्यान्‌पिढ्या पुरला. टोमणा मारणाऱ्यांना एक गोष्ट क्वचित आठवते: तिनं स्वतः 1870 च्या दशकातल्या दुष्काळी भटकंतीत आईवडील आणि थोरली बहीण गमावली होती. उपाशी माणसाला आधी काय लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

केडगावातच तिनं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र नव्यानं मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा साध्या भाषेचा हट्ट धरून. छपाईचं काम तिथल्याच बायकांनी केलं. ती 1922 मध्ये गेली, ग्रंथ 1924 मध्ये निघाला. उपासनेत मात्र तो रुळला नाही, तिथं दुसरंच भाषांतर चालत राहिलं.

एक शब्द त्या चालत राहिलेल्या भाषांतरानंही अचूक धरलाय. ‘कष्टी व भाराक्रांत’ जनांना मत्तयाच्या अकराव्या अध्यायात मिळतो तो ‘विसावा’. पालखीचा विसावा असतो, आणि तिरडी स्मशानाच्या वाटेवर क्षणभर खाली टेकवतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. खांदेकरी तिथं खांदा बदलतात. ओझं तेवढंच राहतं.

2020 च्या टाळेबंदीत घरभेटी थांबल्या आणि प्रार्थना फोनवर आल्या. सकाळी सहाला वचनाचं चित्र, खाली गुलाबाचं फूल. आमच्या गल्लीत तेव्हा एका घरी मयत झालं, आत जायची सोय नव्हती. मंडळीतल्या एका मावशींनी दाराच्या कडीला पिठलं-भाकरीचा डबा अडकवला, बेल वाजवली आणि जिन्यात चार पायऱ्या खाली जाऊन थांबल्या. दार उघडल्यावर म्हणाल्या, “गरम आहे तोवर खा गं. डबा राहू दे.”