बर्न्ड रोझमायर आणि एली बाइनहोर्न : दीड वर्षाचा संसार, सत्तर वर्षांची आठवण

जर्मनीत फ्रँकफर्टहून डार्मस्टाटकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या झाडीत बर्न्ड रोझमायर या मोटार-शर्यतपटूचे छोटेसे स्मारक आहे. २८ जानेवारी १९३८ रोजी, दुपारचे बारा वाजण्यापूर्वी, याच परिसरात त्यांचा अपघाती मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी एली बाइनहोर्न नोव्हेंबर २००७ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, निवर्तल्या. रोझमायर यांची विधवा एवढीच ओळख अनेक लेखांतून त्यांच्या वाट्याला येते आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे, कारण ही दोघे भेटली तेव्हा अधिक प्रसिद्ध होत्या त्या एलीच.

१९०७ मध्ये हानोव्हर येथे जन्मलेल्या एली १९३१ मध्ये एकट्याने विमान चालवत पश्चिम आफ्रिकेपर्यंत गेल्या. परतीच्या वाटेवर इंजिन बिघडल्याने त्यांना सहाराच्या प्रदेशात उतरावे लागले आणि तेथील स्थानिकांच्या मदतीने त्या टिंबक्टूला पोहोचल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्लिनहून निघालेल्या एली भारतमार्गे मार्च १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनला उतरल्या.

लिंगेन गावी वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढलेले रोझमायर मोटारसायकलींच्या शर्यतींतून पुढे आले. १९३५ मध्ये ते ऑटो युनियन या जर्मन मोटार कंपनीच्या गाडीत बसले, तेव्हा त्यांना शर्यतीच्या दुसऱ्या कोणत्याही मोटारीचा सराव नव्हता. या गाडीचे सोळा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असे, त्यामुळे वळणावर मागची बाजू घसरू लागली की भलेभले चालक गोंधळत. जुन्या सवयी मोडण्याचा प्रश्न नसल्यानेच रोझमायर यांना ती साधली, असे जाणकार सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. सप्टेंबर १९३५ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे त्यांनी पहिली ग्रां प्री, म्हणजे वरच्या दर्जाची मोटार शर्यत, जिंकली. व्याख्यानाच्या निमित्ताने त्या शहरात आलेल्या एलींनी त्यांचे अभिनंदन केले, आणि तीच त्यांची पहिली भेट ठरली. १३ जुलै १९३६ रोजी दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंग या जर्मन शर्यतमार्गावर दाट धुके उतरले असताना रोझमायर यांनी आयफेलची शर्यत जिंकली आणि पुढे युरोपीय अजिंक्यपदही मिळवले.

या यशामागे राजसत्तेचा पैसाही होता, हे विसरता येत नाही. नाझी सरकार मर्सिडीझ आणि ऑटो युनियन या दोन्ही कंपन्यांना अनुदान देत होते. रोझमायर एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेचे सदस्य होते आणि त्यांच्या अंत्यविधीचा वापरही प्रचारासाठी झाला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये रोझमायर यांनी सार्वजनिक रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी फ्रँकफर्ट-डार्मस्टाट महामार्गावर मर्सिडीझच्या रुडॉल्फ काराचिओला यांनी ताशी ४३२.७ किलोमीटरचा वेग गाठून तो विक्रम मोडला. त्याला उत्तर देण्यासाठी रोझमायर निघाले, तोवर वारा वाढला होता. त्यांच्या गाडीच्या दोन्ही बाजू रस्त्याला टेकतील इतक्या खालपर्यंत पत्र्याने झाकलेल्या होत्या, त्यामुळे आडव्या वाऱ्यापुढे गाडीचा सगळा पृष्ठभाग उघडा पडत होता. मोर्फेल्डेनजवळ झाडी संपून मोकळी जागा लागते, तेथे गाडी बाजूला सरकली, उलटली आणि रोझमायर बाहेर फेकले गेले. वाऱ्याचा झोत हेच कारण बहुधा सांगितले जाते. गाडीच्या रचनेवरही बोट ठेवले जाते.

त्या वेळी त्यांचा मुलगा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. एलींनी त्याच वर्षी पतीविषयी पुस्तक लिहिले आणि रोझमायर यांचे हसरे, बेधडक रूप आज जसे डोळ्यांसमोर उभे राहते, त्यात या लेखनाचा मोठा वाटा आहे. १९४१ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. युद्धानंतरही त्या विमान चालवत राहिल्या आणि १९७९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी आपला वैमानिक परवाना स्वतःहून परत केला.