चौथ्या डाऊनवरचा पंट: एका सवयीचा इतिहास

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आज सामना संपल्यावर सर्वांत जास्त वाद रंगतो तो चौथ्या डाऊनवर. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात, प्रत्येक संधी म्हणजे एक डाऊन. तीन संधींत काम झालं नाही तर प्रशिक्षकापुढे तीन वाटा उरतात. चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना मागे ढकलायचं, म्हणजे पंट मारायचा. गोलपोस्ट टप्प्यात असतील तर फील्ड गोल मारून तीन गुण घ्यायचे. नाहीतर उरलेले यार्ड काढायला आपल्या खेळाडूंना मैदानात ठेवायचं. ही तिसरी वाट फसली तर चेंडू आहे त्याच जागेवर समोरच्यांच्या हाती जातो. कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर येणारी ‘डू ऑर डाय’ चढाई आठवा. फरक एवढाच की इथे ती टाळायची मुभा आहे, आणि अनेक पिढ्यांच्या प्रशिक्षकांनी ती इमानेइतबारे टाळली.

ती टाळण्यामागे भित्रेपणा होता असं सरसकट म्हटलं जातं. सुरुवातीच्या काळाबद्दल तरी हे खरं नाही.

मुळात डाऊन हा प्रकारच चेंडू अडवून बसणाऱ्यांना चाप लावायला आला. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात प्रिन्स्टनने पहिला अर्धा वेळ चेंडू सोडला नाही, येलने दुसरा अर्धा वेळ सोडला नाही, आणि सामना ०-० असा संपला. पुढच्याच वर्षी येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने नियम झाला: तीन डाऊनमध्ये पाच यार्ड काढा, नाहीतर चेंडू द्या. १९०५ च्या मोसमात मैदानावर इतके मृत्यू आणि जीवघेण्या दुखापती झाल्या की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. १९०६ मध्ये पुढे पास फेकायला परवानगी मिळाली आणि पाच यार्डांचे दहा झाले. पण तीन डाऊनमध्ये दहा यार्ड हे गणित फार कठीण पडत होतं. म्हणून १९१२ मध्ये चौथा डाऊन जोडला गेला, आणि त्याच वर्षी टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाचावरून सहा झाले. म्हणजे चौथा डाऊन दिला होता तो आक्रमणाला हातभार म्हणून. प्रशिक्षकांनी मात्र तो चेंडू परत करण्यासाठी राखून ठेवला.

त्या काळात तेच शहाणपणाचं होतं. चेंडू चामड्याचा, पावसात जड होणारा. मैदानं चिखलाची. तेच खेळाडू आक्रमणही करायचे आणि बचावही. गुण इतके कमी व्हायचे की समोरच्याला त्याच्या गोलरेषेजवळ कोंडून ठेवायचं आणि त्याच्या हातून चेंडू सुटण्याची वाट पाहायची, हा विजयाचा खात्रीचा मार्ग होता. टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक जनरल रॉबर्ट नेलँड या विचाराचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. १९३९ च्या नियमित मोसमात त्यांच्या संघाविरुद्ध दहापैकी एकाही प्रतिस्पर्ध्याला एक गुणही करता आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टला टेक्सास टेक आणि सेंटेनरी हे संघ मुसळधार पावसात खेळले. दोघांनी मिळून ७७ पंट मारले, त्यातले बरेचसे तर पहिल्याच डाऊनवर! निसरडा चेंडू आपल्याकडे ठेवणं हाच धोका, इतकं ते सरळ होतं. सामना अर्थातच ०-० सुटला.

नंतर खेळ बदलला. खेळाडू हवे तेवढे बदलायची मुभा १९६० च्या दशकात कायमची मिळाली, त्यामुळे आक्रमण आणि बचावाचे स्वतंत्र संघ उभे राहिले. पासिंग सुधारलं, गुणफलक फुगले. चेंडूचा ताबा पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाचा झाला, पण चौथ्या डाऊनवरचा रिवाज तसाच राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ इथे आहे. एका पिढीचं पक्कं शहाणपण पुढच्या पिढ्यांनी न तपासता वापरलं.

तपासणारा पहिला माणूस स्वतः क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, होता. व्हर्जिल कार्टर ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळला, मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला आणि खेळता खेळता व्यवस्थापनशास्त्र शिकला. रॉबर्ट मॅकोल या प्राध्यापकांबरोबर त्याने १९६९ च्या व्यावसायिक मोसमातले हजारो डाव तपासून मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत गुणांत काढली. इथे चेंडू मिळाला तर पुढे सरासरी किती गुण होतात, असा हा हिशेब. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू असणं म्हणजे उणे गुण, हे त्यातून आकड्यांत दिसलं. प्रशिक्षकांनी त्याकडे पाहिलंही नाही.

तीस वर्षांनी बर्कलेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी हा धागा उचलला. त्यांच्या अभ्यासाचा मसुदा २००२ मध्ये आला, अंतिम लेख २००६ मध्ये. चौथ्या डाऊनवर धाडस करणारे संघ इतके कमी होते की आकडे पुरेनात, म्हणून त्यांनी १९९८ ते २००० या व्यावसायिक मोसमांतल्या पहिल्या क्वार्टरमधल्या तिसऱ्या डाऊनचे निकाल वापरले. निष्कर्ष असा की संघ गणिताला सोडून, फार मोठ्या प्रमाणात लाथ मारत होते.

उदाहरणापुरतं बघा. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपासून दोन यार्डांवर आहे, डाऊन चौथा. फील्ड गोल मारला तर तीन गुण जवळजवळ खिशात. टचडाऊन आणि त्यानंतरची किक मिळून सात. म्हणजे शंभरपैकी त्रेचाळीस वेळा जरी तुम्ही दोन यार्ड काढू शकलात तरी हिशेब बरोबरीत येतो. शिवाय फसलात तरी समोरच्यांना आपल्याच गोलरेषेला पाठ टेकून सुरुवात करावी लागते, तेव्हा प्रत्यक्षात त्रेचाळीसपेक्षाही कमी पुरतात. इतकं सोपं गणित शेकडो प्रशिक्षकांना कळत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. अडचण गणिताची नव्हतीच.

अडचण नोकरीची होती. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस हा विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक असतो. ऑस्टिनला किंवा अॅन आर्बरला शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी पाहिलेलं असतं, सामन्याच्या शनिवारी सगळं गाव स्टेडियमच्या दिशेने वळतं. अशा ठिकाणी पंट मारून हरलेल्या प्रशिक्षकाला कुणी जाब विचारत नाही, हार खेळाडूंच्या खात्यावर जाते. चौथ्या डाऊनवर फसून हरलेल्याचं नाव मात्र त्या डावाशी कायमचं जोडलं जातं.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरल यांचं तसंच झालं. ४ जानेवारी २००६, रोझ बाउल, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. सलग ३४ सामने जिंकलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ टेक्सासविरुद्ध ३८-३३ असा पुढे. सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, चेंडू टेक्सासच्या ४५ यार्ड रेषेवर, चौथा डाऊन, काढायचे होते दोन यार्ड. कॅरल यांनी पंट नाकारला. लेनडेल व्हाइटने त्या रात्री तीन टचडाऊन केले होते, चेंडू त्याच्याकडे दिला गेला. टेक्सासच्या बचावफळीने मधली जागा बुजवली आणि तो दोन यार्डांच्या जरा अलीकडे अडकला. संघाचा सर्वांत नावाजलेला धावपटू रेगी बुश त्या क्षणी मैदानाबाहेर उभा होता, हे लोक अजून उगाळतात. मग टेक्सासचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग याने संघाला ५६ यार्ड पुढे नेलं आणि १९ सेकंद उरलेले असताना उजवीकडच्या कोपऱ्यात धावत टचडाऊन केला. टेक्सास ४१-३८.

‘पंट मारायला हवा होता’ हे वाक्य तेव्हापासून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. यंगने त्या सामन्यात धावून आणि फेकून मिळून ४६७ यार्ड काढले होते. अशा माणसाला तीसेक यार्ड मागे ढकलून चेंडू सोपवायचा, की दोन यार्ड काढून, चेंडू आपल्याकडेच ठेवून सामना तिथेच मिटवायचा? त्या क्षणी जी माहिती हाताशी होती तिच्या आधारे निर्णय बरोबर होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यंगचा तो शेवटचा टचडाऊनही चौथ्या डाऊनवरचाच, पाच यार्ड हवे असतानाचा. त्याला कुणी धाडस म्हटलं नाही, कारण तिथे दुसरा पर्यायच नव्हता. चौथ्या डाऊनवर यश मिळतं हे सगळ्यांनी त्याच सामन्यात पाहिलं, पण लक्षात राहिलं ते अपयश.

बदल आला तो बलाढ्य संघांकडून नाही. ज्यांच्याकडे खेळाडू कमी ताकदीचे, त्यांना सावध खेळून हरणं परवडत नव्हतं. सावध सामना लांबत गेला की अखेर ताकदवान संघच जिंकतो. १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाविरुद्ध चौथा डाऊन आणि १८ यार्ड अशा अवस्थेतून टचडाऊन करून बरोबरीची वाट मोकळी केली. ती नाइलाजाची खेळी होती. पण जादा वेळेतही पुन्हा चौथाच डाऊन, आणि तिथे त्यांनी क्वार्टरबॅकऐवजी दुसऱ्याच खेळाडूकडून पास फेकवून टचडाऊन केला. त्यानंतर किकचा एक गुण घेऊन बरोबरी न साधता त्यांनी दोन गुणांचा डाव खेळला आणि ४३-४२ जिंकले.

लष्करी अकादमींचं आक्रमण तर चौथा डाऊन गृहीत धरूनच बांधलेलं. त्यांचे खेळाडू आकाराने लहान, पास कमी, धावणं जास्त. दर डाऊनला अडीच-तीन यार्ड निघाले तर चार डाऊनमध्ये दहा होतात, तीनमध्ये होत नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये जेफ मंकन यांच्या आर्मी संघाने ओक्लाहोमाच्या मैदानावर जवळपास ४५ मिनिटं चेंडू आपल्याकडे ठेवला. जादा वेळेत ते २८-२१ हरले, पण ओक्लाहोमासारख्या संघाला बाकावर बसवून ठेवायची रीत त्यांनी दाखवली.

या वाटेवर सर्वांत टोकाला गेले केव्हिन केली. आर्कान्सॉतल्या लिटल रॉकमध्ये पुलास्की अकॅडमी या शाळेच्या संघाला त्यांनी पंट मारणं जवळपास बंदच करायला लावलं, आणि राज्याची नऊ अजिंक्यपदं मिळवली. २०२१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजने त्यांना बोलावलं. पहिला सामना ८४-४३ असा जिंकला, दुसराही जिंकला, आणि मग सलग नऊ हरले. एका मोसमात ते बाहेर पडले. यावरून ‘गणित खोटं ठरलं’ म्हणणाऱ्यांनी हे पाहावं की तो संघ खेळाडूंना शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटातला होता आणि बचाव पार कोसळलेला होता. बचाव सामना वाचवू शकत नसेल तर चौथ्या डाऊनवर कितीही यार्ड काढले तरी पुरत नाहीत.

दरम्यान मोठ्या विद्यापीठांत छापील वह्या आल्या. चॅम्पियनशिप अॅनालिटिक्ससारख्या कंपन्या प्रत्येक सामन्यासाठी दोन्ही संघांच्या ताकदीनुसार तक्ते तयार करून देऊ लागल्या. अमुक जागा, अमुक यार्ड, अमुक वेळ: खेळा किंवा लाथ मारा. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. दोष वाटून घ्यायला आता कागद होता, आणि प्रशिक्षक एकटा राहिला नव्हता.

तरी कागद सामना खेळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लेन किफिन यांच्या ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने) अलाबामाविरुद्ध चौथ्या डाऊनवर वारंवार धाडस केलं, बहुतेकदा फसले आणि ४२-२१ हरले. त्याच मोसमात त्यांनी नियमित सामन्यांत दहा विजय मिळवले, जे त्या विद्यापीठाला आधी कधी जमलं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग सिअॅटलला वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या डाऊनवर तीनदा लाथ न मारता खेळले, तिन्हीदा फसले. शेवटचा प्रयत्न ३३-२९ अशी आघाडी असताना, मैदानाच्या मध्याजवळ, दोन मिनिटं उरलेली. वॉशिंग्टनने लगेच टचडाऊन केला आणि सामना ३६-३३ जिंकला. लॅनिंग यांनी पराभवाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. पहिल्या दोन वेळी चेंडू गोलरेषेच्या अगदी जवळ होता, तिथे तीन-तीन गुण घेण्याच्या बाजूने बोलता येतं. शेवटचा निर्णय मात्र मला कॅरल यांच्यासारखाच योग्य वाटतो. तो साधला असता तर वॉशिंग्टनला चेंडू परत मिळणं अवघड होतं.

आज फरक सर्वांत जास्त दिसतो तो तिसऱ्या डाऊनवर. पूर्वी तिसरा डाऊन आणि सहा यार्ड म्हटलं की पास ठरलेला, कारण चौथा डाऊन पंटसाठी राखीव. आता चौथ्यावर खेळायचंच असं आधीच ठरलं असेल, तर प्रशिक्षक तिसऱ्यावर निवांत धावणारा डाव लावतो, चार यार्ड घेतो आणि चौथ्याला दोन उरवतो. बचाव करणाऱ्या संघालाही तिसऱ्या डाऊनवर पास येणार हे आता गृहीत धरता येत नाही. म्हणून चौथ्या डाऊनचा निर्णय आता बहुतेकदा दुसऱ्या डाऊननंतरच होऊन गेलेला असतो, आणि पंटर बाकावरून उठला नाही तर स्टेडियममध्ये कुणाला नवलही वाटत नाही.