बिग्ज, टॉमस

बिग्ज, टॉमस : (१८२२–१९०५). ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई तोफखान्यातील अधिकारी व मुंबई इलाख्याचा पहिला सरकारी छायाचित्रकार. विजापूर, बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल येथील वास्तूंची अगदी आरंभीची छायाचित्रे त्याच्या नावावर आहेत.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे काम परमुलखातले वाटण्याचे कारण नाही. मिरजेचा किल्ला, जतच्या डफळ्यांची देशमुखी, अफझलखानाकडचा वाईचा सुभा हे सारे विजापूरच्या आदिलशाहीशी जोडलेले. १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले, त्यात विजापूरही होते. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. म्हणजे तब्बल तीस वर्षे विजापूरचा गोल घुमट सातारच्या छत्रपतींच्या मुलखात उभा होता. बिग्जच्या चरित्रात ही गोष्ट सहसा येत नाही, यायला हवी. कारण राज्य खालसा झाले तेव्हा साताऱ्याच्या रेसिडेन्सीत बार्टल फ्रियर हा कंपनीचा अधिकारी होता. विजापूरच्या इमारती आणि आसार महाल या तिथल्या वाड्यातली हस्तलिखिते यांत त्याला मनापासून रस होता आणि बिग्जची चित्रे पुढे ग्रंथरूपाने आली ती त्याच्याच खटपटीमुळे.

जुन्या वास्तूंची चित्रे हाताने काढून घेणे कंपनीला महाग पडत होते आणि त्यात वेळही फार जाई. म्हणून १८५५ मध्ये हे काम कॅमेऱ्यावर सोपवायचे ठरले आणि मुंबई इलाख्यात ते बिग्जकडे आले. तो काचेवर नव्हे, कागदावर निगेटिव्ह घेई. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर चढवायचा, तो कॅमेऱ्यात घालून कित्येक मिनिटे उजेड दाखवायचा, मग गॅलिक आम्लात धुऊन चित्र उमटवायचे. एवढ्या वेळात समोरून माणूस चालत गेला तरी त्याचा मागमूस राहत नसे. झाडाची पाने वाऱ्याने पुसट होत. दगड मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे कोरीव काम स्पष्ट येई. हा कागद निळ्या प्रकाशालाच जास्त दाद देई, म्हणून आकाश कोरे पांढरे आणि बदामीचा तांबडा वालुकाश्म असावा त्याहून काळा दिसतो. त्या काळची अशी चित्रे पाहताना दगडाच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

वर्षभरात शंभरावर निगेटिव्ह झाल्या आणि लष्कराने त्याला परत बोलावले. त्याची जागा डॉ. विल्यम पिगू याने घेतली, त्याच्यानंतर नील आला.

फ्रियर १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. कापसाच्या तेजीत शहरात पैसा खुळखुळत होता आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या व्यापाऱ्यांनी या कामाला हात दिला. १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी अहमदाबाद, विजापूर आणि धारवाड-म्हैसूर असे तीन ग्रंथ काढले. प्रत्येक प्रतीत छायाचित्रांचे मूळ ठसे (प्रिंट) चिकटवलेले होते. तिन्ही ग्रंथांत स्थापत्यविषयक टिपा स्थापत्य-इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या. विजापूर व धारवाड यांचा इतिहास कादंबरीकार मेडोज टेलरने लिहिला. अहमदाबादच्या ग्रंथातली १२० छायाचित्रे बिग्जची.

विजापूरच्या ग्रंथात मात्र वेगळी चित्रेही भेटतात. कॅप्टन हार्ट, कमिंग आणि देशी नक्शेकारांनी काढलेल्या आराखड्यांचे फोटो त्यात बिग्ज व मेजर लॉक यांच्या छायाचित्रांशेजारी आहेत. मुखपृष्ठावर साहेबांची नावे एकेक करून छापली. नक्शेकारांची ओळख फक्त ‘देशी’ एवढीच. गोल घुमटाखालच्या एकमेकांना छेदणाऱ्या कमानी, आतला सुमारे १२४ फुटांचा व्यास, भिंतींची जाडी हे सगळे कॅमेऱ्याला त्या काळी आत शिरून दाखवता येत नव्हते. ते दाखवले मोजपट्टी घेऊन चढलेल्या हातांनी. त्यामुळे विजापूरच्या या ग्रंथाचे श्रेय एकट्या छायाचित्रकाराला देणे अन्यायाचे होईल.

बिग्जचे ठसे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुरातत्त्व खात्यातील हेन्री कझन्सचा विजापूरवरील ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यातील छायाचित्रे बिग्जच्या ठशांशेजारी ठेवून पाहिली, तर साठ वर्षांत कुठे काय ढासळले आणि कुठे डागडुजी झाली ते भिंतीभिंतीने ताडता येते.